शालांत समकक्षता प्रमाणपत्र आणि नोकरभरती

शालांत समकक्षता प्रमाणपत्र : माध्यमिक शाळेचा अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वीच शाळा सोडलेल्या व्यक्तीने एक स्वतंत्र परीक्षा उत्तीर्ण केल्यावर, तिला शाळेतून रीतसर बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या बरोबरीची मानून दिले जाणारे प्रमाणपत्र. या प्रमाणपत्राचा सर्वाधिक प्रसार अ. सं. सं. मध्ये झाला असून तेथे ते ‘जीईडी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. ‘जनरल एज्युकेशनल डेव्हलपमेंट’ म्हणजे सामान्य शैक्षणिक विकास, या चाचणीमालेच्या नावाची ही आद्याक्षरे होत. कायद्याच्या व सरकारी कचेऱ्यांच्या दृष्टीने हे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी शाळेच्या प्रमाणपत्राच्या तोडीचे समजले जाते. नोकरी देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते खरोखर तोडीचे आहे काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ, न्यायालये व भरती करणारे अधिकारी यांच्यापुढे दीर्घकाळ उभा राहिलेला आहे. शाळा सोडलेल्या लक्षावधी अमेरिकन तरुणांच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पहिल्या पगाराची नोकरी मिळणे वा न मिळणे होय.

महाराष्ट्रातील वाचकास या प्रश्नातील खोच एकदम ध्यानात येणार नाही. कारण येथील परीक्षापद्धती वेगळी आहे. शाळेत न जाता सतरा क्रमांकाचा अर्ज भरून शालांत परीक्षेस बसणारा खाजगी उमेदवार तीच प्रश्नपत्रिका सोडवितो व त्याच मंडळाचे प्रमाणपत्र मिळवितो. त्याचे शिक्षण कोठे व कसे झाले, हे गुणपत्रिकेवरून ठरविण्याचे कारण मालकास सहसा पडत नाही. अ. सं. सं. मध्ये सर्वांसाठी एकच अशी शालांत परीक्षा नाही. तेथील हायस्कूलचे प्रमाणपत्र म्हणजे डिप्लोमा हा स्थानिक शाळा देते आणि तो मुख्यतः साठत गेलेल्या अभ्यासघटकांवर अवलंबून असतो. एखाद्या विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तासांचे अध्यापन म्हणजे एक घटक, ही कार्नेगी प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने १९०६ च्या सुमारास रूढ झालेली मोजणी आहे. काही राज्यांनी तिच्या जोडीला अखेरची परीक्षा ठेवली, काहींनी ठेवून पुन्हा काढून टाकली. परंतु वर्गात काढलेला काळ हाच डिप्लोम्याचा मूळ पाया राहिला. साहजिकच डिप्लोमा दाखविणारा उमेदवार आपणास काही येते एवढेच सांगत नाही. चार वर्षे आपण सकाळी वेळेवर उठलो, शिक्षकांचे ऐकले, कंटाळवाणे कामही पुरे केले, हेही तो न बोलता सांगत असतो. समकक्षता प्रमाणपत्र यातील पहिल्या गोष्टीची ग्वाही देते. दुसरीविषयी ते काहीच बोलत नाही. पुढील सारा वाद या फरकातून निर्माण झाला आहे.

उगम व स्वरूप : या चाचण्यांचा जन्म दुसऱ्या महायुद्धात झाला. शाळा अर्धवट टाकून सैन्यात गेलेल्या तरुणांना युद्धानंतर महाविद्यालयात वा नोकरीत प्रवेश मिळावा, यासाठी १९४२ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने सेनादलांच्या शिक्षणसंस्थेच्या सहकार्याने त्यांची आखणी केली. राल्फ टायलर व आयोवा विद्यापीठातील ई. एफ्. लिंडक्विस्ट हे शिक्षणतज्ञ या कार्यात प्रमुख होते. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना केवळ सेवेबद्दल, त्यांचे ज्ञान न तपासता, शैक्षणिक श्रेयांक वाटण्यात आले होते व त्याविषयी विद्यापीठांत नाराजी होती. ती चूक टाळावी, हा नव्या चाचण्यांमागील एक हेतू होता. इंग्रजी लेखन, सामाजिक शास्त्रे, निसर्गविज्ञाने, साहित्याचे आकलन व गणित असे पाच भाग त्यांत होते. पाठांतरावर भर न देता उतारा वाचून अर्थ लावणे, आकृतीवरून निष्कर्ष काढणे यांसारख्या क्षमता त्यांत तपासल्या जात. १९४४ च्या माजी सैनिकविषयक कायद्याने उच्च शिक्षणाची दारे खुली केल्यावर या चाचण्यांना मोठी मागणी आली. न्यूयॉर्क राज्याने १९४७ मध्ये त्या नागरिकांसाठीही उपलब्ध केल्या. १९५९ पासून नागरी परीक्षार्थींची संख्या सैनिकांपेक्षा अधिक झाली आणि १९७४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने मान्यता दिल्यावर त्या देशभर पसरल्या. युद्धातून परतलेल्या प्रौढासाठी केलेली सोय अशा रीतीने सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना शाळेबाहेर पडण्याची वाट बनली. योजनेच्या कर्त्यांना हे अभिप्रेत नव्हते.

उत्तीर्णतेची पातळी प्रथम फार खाली होती. शाळेच्या अंतिम वर्गातील सुमारे ८० टक्के विद्यार्थी ती सहज ओलांडतील, अशा बेताने ती ठरविली होती. १९९७ मध्ये ती वाढवून सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थीच उत्तीर्ण होतील अशी केली गेली आणि २००२ च्या आवृत्तीत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर आणले गेले. १९८८ च्या आवृत्तीपासून निबंधाचाही समावेश झाला. म्हणजे शाळेतून डिप्लोमा घेऊन बाहेर पडणाऱ्या दहांपैकी चार विद्यार्थी या परीक्षेत नापास झाले असते. ही गोष्ट जाहिरातींतून वारंवार सांगितली गेली, तरी मालकांच्या मनावर तिचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही. कारण त्यांची शंका बुद्धीविषयी नव्हतीच.

भरतीतील व्यवहार : अमेरिकन कंपन्यांच्या अर्जात ‘हायस्कूल डिप्लोमा किंवा समकक्ष’ असा रकाना सामान्यतः आढळतो. गोदाम, कारखाना, दुकान, रुग्णालयातील साहाय्यक, वाहनचालक इ. प्रकारच्या नोकऱ्यांत या रकान्यात खूण करता येणे ही पहिली पायरी असते व तेथे समकक्षता प्रमाणपत्र पुरेसे ठरते. संघराज्याच्या नागरी सेवेतही कनिष्ठ श्रेणीच्या पदांसाठी दोन्ही सारखीच धरतात. अर्ज संगणकावर चाळले जाऊ लागल्यापासून या खुणेचे महत्त्व वाढले. खूण नसेल, तर अर्ज माणसाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. म्हणून काहीच प्रमाणपत्र नसलेल्या उमेदवाराच्या तुलनेत या प्रमाणपत्राचा उपयोग निर्विवाद आहे. पडताळणीच्या बाबतीत तर ते कधी कधी अधिक सोयीचे असते. शाळा बंद पडतात, त्यांचे दप्तर हरवते. समकक्षता परीक्षेची नोंद मात्र राज्याच्या कार्यालयात वा त्याने नेमलेल्या संस्थेत राहते व उमेदवाराच्या संमतीने मालकास तिची खातरजमा करून घेता येते. पैसे घेऊन घरबसल्या डिप्लोमा देणाऱ्या बनावट शाळांचा सुळसुळाट झाल्यावर या सोयीला विशेष किंमत आली.

पहिली पायरी ओलांडल्यावर चित्र बदलते. एकाच जागेसाठी दोन तरुण आले, एकाजवळ शाळेचा डिप्लोमा व दुसऱ्याजवळ समकक्षता प्रमाणपत्र असले आणि दोघांनाही अनुभव नसला, तर निवड सामान्यतः पहिल्याकडे झुकते. काही पोलीस खात्यांत समकक्षता प्रमाणपत्राबरोबर महाविद्यालयीन श्रेयांकही मागितले जातात. उमेदवाराच्या नोकरीचा अनुभव जसजसा वाढत जातो, तसतशी प्रमाणपत्राची विचारपूस कमी होते. चाळिशीतील कारागिरास त्याने कोठे व किती वर्षे काम केले हेच मुख्यत्वे विचारले जाते. याउलट विशीतील तरुणाजवळ दाखविण्यासारखे दुसरे काहीच नसते. तात्पर्य, प्रमाणपत्राचा सर्वांत अधिक आधार ज्याला हवा, त्याच वयात ते सर्वांत अधिक संशयाने पाहिले जाते.

या प्रमाणपत्राची लोकांत काहीशी थट्टाही होते. जीईडी म्हणजे ‘गुड इनफ डिप्लोमा’, अर्थात ‘चालेल इतपत पदविका’, असा त्या आद्याक्षरांचा विनोदी विग्रह अमेरिकेत सर्वतोमुखी आहे. ते मिळविणाऱ्यांत राज्यपालपदापर्यंत पोहोचलेल्या रूथ ॲन मिनर (डेलावेअर) व सिनेटचे सदस्य झालेले बेन नाइटहॉर्स कँबेल (कोलोरॅडो) यांसारखी माणसे आहेत. ‘वेंडीज’ या खाद्यगृहांच्या साखळीचे संस्थापक डेव्ह टॉमस यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती. आपले यश पाहून मुले शाळा सोडतील, या चिंतेने त्यांनी १९९३ मध्ये, साठी उलटल्यावर, फ्लॉरिडातील एका हायस्कुलात हे प्रमाणपत्र मिळविले. हजारो माणसांना नोकरी देणाऱ्या या गृहस्थास स्वतःच्या नोकरीसाठी त्याची गरज नव्हती, हे उघड आहे.

कायद्याची भूमिका : शालेय प्रमाणपत्राची अट घालण्याचा मालकाचा अधिकार अमर्याद नाही, हे तत्त्व १९७१ च्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी या खटल्यात प्रस्थापित झाले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्रेपर येथे या कंपनीचे वीजकेंद्र होते. तेथे कृष्णवर्णीय कामगारांना केवळ मजूर विभागात घेत असत आणि त्या विभागातील सर्वांत मोठा पगार अन्य विभागांतील सर्वांत लहान पगारापेक्षाही कमी होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा उघड भेद बेकायदा ठरल्यावर मजूर विभागातून बाहेर पडण्यासाठी हायस्कूल डिप्लोम्याची अट लागू झाली व पुढे तिच्या जोडीला बुद्धिमापन चाचण्या आल्या. १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यातील गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के, तर कृष्णवर्णीय पुरुषांपैकी फक्त १२ टक्के हायस्कूल पुरे केलेले होते. अट लागू होण्यापूर्वी नेमलेले व डिप्लोमा नसलेले गोरे कर्मचारी आपली कामे व्यवस्थित करीत होते, ही बाबही न्यायालयापुढे आली. मुख्य न्यायमूर्ती वॉरेन बर्गर यांनी दिलेल्या एकमताच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, एखादी अट दिसावयास निःपक्षपाती असली, तरी तिच्यामुळे एखादा वंशगट मोठ्या प्रमाणात वगळला जात असेल आणि प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध दाखविता येत नसेल, तर ती अवैध होय.

हा निर्णय समकक्षता प्रमाणपत्राविषयी नव्हता. परंतु त्यानंतर ‘किंवा समकक्ष’ हे दोन शब्द जाहिरातीत असणे मालकांना सावधपणाचे वाटू लागले, तर नवल नाही. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये समान रोजगार संधी आयोगाने एका पत्रान्वये या तत्त्वाची व्याप्ती अपंगांच्या बाबतीत स्पष्ट केली. अध्ययन-अक्षमतेमुळे ज्यास डिप्लोमा मिळविता आला नाही, त्यास त्या कारणास्तव वगळावयाचे असल्यास ती अट कामाशी निगडित व व्यवसायाच्या दृष्टीने आवश्यक असल्याचे मालकास दाखवावे लागेल, असे आयोगाने म्हटले. कायदा अशा प्रकारे मालकास अट तपासून पाहण्यास भाग पाडू शकतो. दोन पात्र उमेदवारांपैकी कोणास बोलवावे, या त्याच्या मनातील निवडीपर्यंत तो पोहोचत नाही.

संशोधन : मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या संकेत-सिद्धांतानुसार मालकास उमेदवाराची खरी उत्पादनक्षमता भरतीच्या वेळी दिसत नसते, म्हणून मिळविण्यास कष्ट पडणाऱ्या प्रमाणपत्राकडे तो त्या क्षमतेचा संकेत म्हणून पाहतो. या दृष्टीने समकक्षता प्रमाणपत्र हा एक चमत्कारिक संकेत आहे. शाळा सोडलेल्या इतरांपेक्षा हा मनुष्य हुशार आहे, हे त्यावरून समजते. त्याचबरोबर हुशार असूनही याने शाळा सोडली, हेही समजते.

स्टीव्हन कॅमरन व जेम्स हेकमन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विषयात खळबळ उडविली. हेकमन यांना पुढे २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते अन्य कार्याबद्दल. परीक्षेद्वारा समकक्षता मिळविलेल्या पुरुषांची मिळकत शाळेच्या पदविकाधारकांइतकी नसून, जवळजवळ प्रमाणपत्रहीन शाळात्याग्यांइतकीच असते, असे त्यांना आढळले. जो थोडा फरक दिसतो, तो शाळेत काढलेल्या अधिक वर्षांमुळे पडतो. पुढे हेकमन व योना रूबिनस्टाइन यांनी २००१ मध्ये याचे कारण बौद्धिक क्षमतेत नसून चिकाटी, नियमितपणा, कामावर टिकून राहण्याची वृत्ती यांसारख्या गुणांत असल्याचे प्रतिपादन केले. हे गुण परीक्षेत मोजले जात नाहीत आणि मालकास तेच हवे असतात. महाविद्यालयात प्रवेश घेणारे समकक्षता-प्रमाणपत्रधारक पुष्कळ, पण पदवी पुरी करणारे अगदी थोडे, ही वस्तुस्थिती याच निष्कर्षास पुष्टी देते.

या मतास एक मार्मिक उत्तर जॉन टायलर, रिचर्ड मरनेन व जॉन विलेट यांनी २००० साली दिले. उत्तीर्णतेचे किमान गुण त्या काळी राज्याराज्यांत वेगवेगळे होते. त्यामुळे नेमके तेवढेच गुण मिळविलेला एक तरुण एका राज्यात उत्तीर्ण, तर दुसऱ्या राज्यात अनुत्तीर्ण ठरे. दोघांचे ज्ञान सारखे. फरक फक्त हातातील कागदाचा. १९९० मध्ये परीक्षा दिलेल्या अशा तरुणांची पाच वर्षांनंतरची मिळकत तपासता, सीमारेषेवरील गोऱ्या तरुणांना त्या कागदामुळे १० ते १९ टक्के अधिक मिळकत होत असल्याचे आढळले. अल्पसंख्य गटांतील तरुणांना मात्र असा लाभ झाल्याचे सिद्ध करता आले नाही. तुरुंगातून परीक्षा देणाऱ्यांत या गटांतील तरुणांचे प्रमाण मोठे असल्यामुळे मालकांच्या दृष्टीने त्यांच्या प्रमाणपत्राचा संकेत फिका पडत असावा, असे याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. तसे असेल, तर ज्याने कधी तुरुंग पाहिला नाही अशा कृष्णवर्णीय तरुणासही दुसऱ्यांच्या पूर्वेतिहासाची किंमत मोजावी लागते. ही गोष्ट प्रमाणपत्राच्या गुणदोषांपेक्षा मालकांच्या पूर्वग्रहांविषयी अधिक सांगते.

मिसूरी राज्यातील नोंदींवर आधारलेल्या, क्रिस्टोफर जेप्सन, पीटर म्यूझर व केनेथ ट्रॉस्की यांच्या २०१६ च्या अभ्यासात परीक्षार्थी पुनःपुन्हा परीक्षेस बसतात, ही अडचण लक्षात घेतली गेली. स्त्रियांच्या नोकरीवर वा मिळकतीवर प्रमाणपत्राचा लक्षणीय परिणाम त्यात आढळला नाही. पुरुषांची मिळकत परीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढली, पण तो लाभ पुढे टिकला नाही. या निष्कर्षांत पूर्ण एकवाक्यता नसली, तरी कागदाची किंमत शून्य नाही व डिप्लोम्याइतकीही नाही, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

तुरुंगाचा उल्लेख वर आला आहे. संघराज्याच्या तुरुंगांत शालेय प्रमाणपत्र नसलेल्या कैद्यास सामान्यतः किमान २४० तास अथवा समकक्षता मिळेपर्यंत साक्षरतावर्गात बसावे लागते. सुटकेनंतरच्या पुनर्वसनाचे हे एक मुख्य साधन आहे. परंतु कैद्याने कष्टाने मिळविलेल्या याच प्रमाणपत्रावरील तारीख आणि ठिकाण त्याचा भूतकाळ मालकापुढे उघड करू शकते.

सांख्यिकीतही या प्रमाणपत्राने गोंधळ माजविला. २००८ च्या सुमारास दरवर्षी दिल्या जाणाऱ्या एकूण शालांत प्रमाणपत्रांपैकी सुमारे १२ टक्के समकक्षता प्रमाणपत्रे होती व अनेक शासकीय आकडेवाऱ्यांत ती डिप्लोम्यात मिळविली जात. त्यामुळे शाळा पुरी करणाऱ्यांचे प्रमाण फुगलेले व गोऱ्या-काळ्यांतील अंतर आकसलेले दिसे. २००८ मध्ये संघराज्याच्या शिक्षणखात्याने शाळांच्या उत्तीर्णतेचे प्रमाण काढताना समकक्षता वगळण्याचा नियम केला. नोकरीच्या अर्जात जे समान, ते शिक्षणखात्याच्या हिशेबात असमान, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली.

अलीकडील बदल : २०११ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने पिअर्सन या प्रकाशनसंस्थेशी भागीदारी करून परीक्षेचे काम एका खाजगी कंपनीकडे सोपविले. २०१४ च्या आवृत्तीत पाचाऐवजी चार विषय झाले, परीक्षा संगणकावर आली, ती अधिक कठीण झाली व शुल्कही वाढले. परीक्षार्थींची व उत्तीर्णांची संख्या एकदम घटली. अनेक राज्यांनी ‘हायसेट’ व ‘टास्क’ या नव्या प्रतिस्पर्धी परीक्षा स्वीकारल्या. जानेवारी २०१६ मध्ये उत्तीर्णतेची पातळी प्रत्येक विषयात १५० वरून १४५ गुणांवर उतरविण्यात आली व वरच्या पातळीवर ‘महाविद्यालयास सिद्ध’ अशी वेगळी श्रेणी देण्यात येऊ लागली. ‘टास्क’ २०२१ अखेर बंद पडली. या उलथापालथीत मालकांना नव्या नावांची ओळख झालीच नाही. जाहिरातींत ‘जीईडी’ हाच शब्द राहिला आणि दुसरी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास आपले प्रमाणपत्र त्याच प्रकारचे आहे, हे पटवून देण्याची पाळी आली.

सेनादले : ज्या मालकासाठी ही परीक्षा प्रथम निर्माण झाली, त्या सेनादलांचा अनुभव सर्वांत बोलका आहे, कारण भरती झालेल्या प्रत्येकाची नोंद त्यांच्याकडे वर्षानुवर्षे राहते. डिप्लोमाधारकांपैकी सुमारे ८० टक्के आपली पहिली तीन वर्षे पुरी करतात. शाळा पुरी न केलेल्यांपैकी सुमारे निम्मेच टिकतात. समकक्षताधारक या दोहोंच्या मध्ये पडतात. प्रशिक्षणाचा खर्च मोठा असल्याने हा फरक सेनादलांना महाग पडतो. १९८७ पासून संरक्षणखात्याने उमेदवारांच्या तीन श्रेणी केल्या : पहिली डिप्लोमाधारकांची, दुसरी समकक्षताधारकांची व तिसरी प्रमाणपत्र नसलेल्यांची. भरतीत सुमारे ९० टक्के उमेदवार पहिल्या श्रेणीतील असावेत, असे उद्दिष्ट पुढे ठरविण्यात आले. समकक्षताधारकाने महाविद्यालयाचे १५ श्रेयांक मिळविले, तर मात्र त्यास पहिल्या श्रेणीत बसविले जाते. म्हणजे वर्गात टिकून राहिल्याचा पुरावा येथेही मागितला जातोच. भरतीसाठी माणसे कमी पडू लागली, की या भिंती खाली येतात. जानेवारी २०२४ मध्ये नौदलाने जाहीर केले की, पात्रता चाचणीत ५० वा त्याहून अधिक शतमक मिळविणाऱ्यास डिप्लोमा किंवा समकक्षता प्रमाणपत्र यांपैकी काहीही नसले, तरी भरती होता येईल.